मला छोटाच हवा

माझा लॅपटॉप पाहिला की लोक आधी एकच गोष्ट म्हणतात, "अगं, तुझे डोळे असे, आणि एवढ्याशा स्क्रीनवर काम करतेस? मोठा घे की!" पूर्वी मी समजावत बसायचे. आता नुसतं "नको" म्हणते आणि कामाला लागते. पण त्या "नको"मागे काय काय झालं, ते एकदा नीट सांगते.

मला लहानपणापासून रात्री कमी दिसायचं. कॉलेजात असताना डॉक्टरांनी निदान केलं, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. कडेचं दिसणं आधी जातं, मग हळूहळू आजार आत आत सरकत येतो. मधलं शेवटपर्यंत टिकतं, टिकलं तर. आज माझी गत अशी आहे, की हात लांब करून दोन्ही मुठी शेजारी धरल्या तर जेवढी जागा झाकली जाईल, तेवढंच जग मला दिसतं. तेवढं मात्र स्वच्छ दिसतं. त्याच्या बाहेर काळोख आहे का, असं लोक विचारतात. काळोख नाही, धुरकटही नाही. तिथे काहीच नाही. आपल्या पाठीमागे जसं काही दिसत नाही, तसं.

त्यामुळे घोटाळा असा होतो, की मोरीच्या दाराशी ठेवलेली बादली मी पायाने उडवते आणि पुढच्याच मिनिटाला औषधाच्या पट्टीवरची बारीक तारीख आईला वाचून दाखवते. बदलापुरातल्या आमच्या हेंद्रेपाड्याच्या बिल्डिंगमधल्या एक काकू आईला म्हणाल्या होत्या, "पेपर वाचता येतो आणि बादली दिसत नाही? नाटकं तर नाहीत ना?" आईने त्यांच्याकडे महिनाभर विरजण मागितलं नाही.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगरसायनांच्या कंपनीत डिस्पॅचच्या टेबलावर आहे. ड्रम कुठल्या बॅचचे, कुठल्या पार्टीला जाणार, त्यावर धोक्याची कुठली लेबलं लागणार, हे सगळं माझ्या टेबलावरून निघतं. माझ्या कागदाशिवाय गाडी गेटबाहेर जात नाही. पूर्वीचं सॉफ्टवेअर अगदी साधं होतं. काळी स्क्रीन, पांढऱ्या ओळी, बाकी काही नाही. कीबोर्डच्या कळा मला पाठ होत्या. ऑफिसने दिलेला लॅपटॉप छोटा होता, अकरा इंची, आणि त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. नजर दोनदा हलवली की सगळं पान पाहून व्हायचं.

मग हेड ऑफिसने नवं सॉफ्टवेअर आणलं. ते ब्राउझरमध्ये चालायचं. पहिल्या दिवशी मी लॉग इन केलं आणि माझं काम शोधू लागले. सगळ्यात वर टॅबची पट्टी, तिच्याखाली पत्त्याची पट्टी, तिच्याखाली बुकमार्कची. मग कंपनीची जाडजूड निळी पट्टी, तिच्यावर लोगो, आणि त्याखाली "आपले स्वागत आहे" म्हणणारी पिवळी पट्टी. डाव्या बाजूला मेनू, खाली टास्कबार, कोपऱ्यात "मी मदत करू का?" विचारणारा एक गोळा. या सगळ्यांनी आपापली जागा घेतल्यावर मधे जे उरलं, त्यात माझ्या तक्त्याच्या जेमतेम चार ओळी होत्या. म्हणजे मला जेवढं दिसतं, त्यातही अर्ध्याहून जास्त भाग पट्ट्यांनी भरलेला. नजर जरा वर सरकली की निळी पट्टी, डावीकडे सरकली की मेनू. ओळ सापडेपर्यंत बॅच नंबर विसरायचे. बाहेरून गेटवरच्या सुपरवायझरचा फोन यायचा, "मॅडम, गाडी कधीची उभी आहे."

साहेबांना हे दिसत होतं. माणूस वाईट नव्हता, उलट जरा जास्तच चांगला होता. एका सकाळी मी आले तर माझ्या टेबलावर भला मोठा मॉनिटर. साहेब बाजूला उभे, शिपाई वायरी लावतोय, अकाउंट्समधल्या दोघी बघायला आलेल्या.

"तुमच्यासाठी खास मागवला," साहेब म्हणाले. "आता कसं, सगळं मोठं मोठं दिसेल."

मी म्हटलं, "साहेब, मला मोठं नको असतं. माझा प्रॉब्लेम वेगळा आहे."

"वापरून तर बघा."

सगळे बघत होते. मी बसले. मॉनिटर एवढा मोठा, की मधे बघितलं तर डावा मेनू गायब आणि उजवा कोपरा तर कुठल्या गावाला. माउसचा बाण शोधायलाच मला मान इकडून तिकडे फिरवावी लागायची, भिंतीवर पाल शोधावी तशी. तरी आठवडाभर मी तो वापरला, कारण भेट दिलेली वस्तू परत कशी करायची. आणि त्याच आठवड्यात ते झालं. एका ऑर्डरला वर उजव्या कोपऱ्यात लाल सूचना आली होती की बॅच बदलली आहे, लेबल बदला. ती माझ्या नजरेच्या बाहेर होती. मी जुन्या लेबलांचे कागद काढले. गेटवर कोणाच्या तरी लक्षात आलं आणि भरलेली गाडी परत आत घ्यावी लागली.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज एकदम मऊ. मला तो आवाज ओळखू येतो. डोळ्यांचं कळल्यावर लोक ज्या आवाजात बोलतात, तो.

"तुम्ही असं करा, थोडे दिवस फायलिंग बघा. ताण नको. डिस्पॅचला आपण दुसरं कोणी बसवू."

"फायलिंग मागच्या खोलीत आहे," मी म्हटलं. "तिथे दिवसासुद्धा अंधार असतो. तिथे मला खरंच काही दिसणार नाही."

"मग घरून काहीतरी..."

"साहेब, चूक माझी झाली, मान्य. पण ती मॉनिटर लावल्यावर झाली. तो काढा. मला माझा छोटा लॅपटॉप द्या आणि सोमवारपर्यंत वेळ द्या."

"छोट्यावर तर तुम्ही आधीच अडकत होतात ना?"

"छोट्यावर नाही, पट्ट्यांवर अडकत होते. पट्ट्या काढते."

त्यांना ते कळलं नाही हे मला दिसत होतं. पण ते "बरं" म्हणाले. बहुतेक भांडण टाळायला.

शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटल्यावर मी ऑफिसचा लॅपटॉप घेऊन उल्हासनगरला गेले, कॅम्प तीनमध्ये. तिथे एका सिंधी अंकलचं जुन्या लॅपटॉपचं दुकान आहे. आमच्या ऑफिसच्या मशिन दुरुस्तीला त्यांच्याकडेच जातात. दुकान म्हणजे एक काउंटर, त्यामागे छतापर्यंत रचलेले लॅपटॉप. मी काउंटरच्या कडेला मांडी आपटून घेतली आणि मग स्टूल हाताने चाचपून बसले.

अंकलनी माझ्याकडे बघितलं, लॅपटॉपकडे बघितलं आणि हसले. "दीदी, ये तो खिलौना है. पंधरा इंच वाला दिखाऊं? एकदम कडक माल है."

"नको अंकल. मला हाच हवा आहे. यातलं सामान बाहेर काढायचंय."

"सामान?"

मी सॉफ्टवेअर उघडलं आणि एकेका पट्टीवर बोट ठेवलं. ही नको, ही नको, ही पण नको. ते जरा गंभीर झाले. काउंटर सोडून माझ्या बाजूला आले आणि एक कळ दाबली, एफ अकरा. टॅब, पत्ता, बुकमार्क, खालचा टास्कबार, सगळं एका झटक्यात नाहीसं झालं. पान वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत पसरलं.

"इतकं सोपं होतं?" मला स्वतःचाच राग आला. ही कळ इतकी वर्षं माझ्या बोटाखाली होती.

"सोपा तो है. पर लोग डर जाते हैं, की बंद कैसे करूँ. वही बटन फिर दबाओ."

एका टॅबमधून दुसऱ्यात कळांनी कसं जायचं, ते त्यांनी दाखवलं. डाव्या मेनूला एक बारीक बाण होता, तो दाबल्यावर मेनू भिंतीला चिकटल्यासारखा घडी होऊन बसला. पण निळी पट्टी तशीच. पिवळी पट्टी तशीच. कोपऱ्यातला गोळा मदत करू का, विचारतोच आहे.

"ये ब्राउझर का नहीं, साइट का माल है," अंकल म्हणाले. "ये उनका है. मैं नहीं निकाल सकता."

"पण दिसतंय तर माझ्या स्क्रीनवर ना?"

त्यावर त्यांनी जरा विचार केला. "ऐड हटाने वाला डालके देखें? उसमें जिस चीज पे क्लिक करो, वो गायब होती है. आपके लिए गायब. उनके घर में तो रहेगी ही."

जाहिराती लपवणारी ती छोटी जोड, एक्स्टेन्शन, त्यांनी ब्राउझरला लावली आणि माउस माझ्या हातात दिला. मी निळ्या पट्टीवर बाण नेला. ती चौकटीत आली. मी क्लिक केलं आणि ती गेली, लोगोसकट. मग पिवळी आणि शेवटी तो गोळा. स्क्रीनवर आता फक्त माझा तक्ता होता, वरपासून खालपर्यंत. अक्षर जरा मोठं केलं तरी चौदा ओळी एका नजरेत. मी त्या वाचल्या, मोठ्याने, एकेक बॅच नंबर, त्या दुकानात. एक गिऱ्हाईक थांबून ऐकत होतं. थांबू दे म्हटलं.

खरं सांगायचं तर मला तेव्हा जे वाटलं, ते नुसता आनंद नव्हता. तो रागही होता. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलंय, की हे दिसणं आणखी कमी होणार. कधी, किती, कोणाला माहीत नाही. माझ्याकडे जेवढं शिल्लक आहे, ते मी कंपनीच्या निळ्या पट्टीवर का खर्च करायचं? "आपले स्वागत आहे" हे मी दिवसातून शंभरदा का वाचायचं? कोणी विचारलं होतं मला?

रविवारी सकाळी दादा आला. तो चिखलोलीला नव्या बिल्डिंगमध्ये राहतो, वहिनी आणि मुलींबरोबर. आईने त्याला फोनवर सगळं सांगून टाकलं होतं. काखेत एक खोकं. दिवाणावर ठेवलं आणि म्हणाला, "उघड."

सतरा इंची लॅपटॉप. काळा, चकचकीत, ट्रे एवढा. दादाने तो लावून दिला, पडद्यावर हिरवंगार डोंगराचं चित्र आलं. आई म्हणाली, "अगं बाई, टीव्हीच की."

"दादा, मला हा नको."

"आधी बघ तरी."

"बघून झालं. अगदी असाच ऑफिसात लावला होता. त्याच्यामुळेच गाडी परत आली."

त्याचा चेहरा पडला. "सगळे म्हणतात मोठं बरं पडतं. मी चार ठिकाणी विचारलं."

"मला विचारलंस?"

मग नेहमीची गाडी सुरू झाली. "आणि नोकरीच कशाला पाहिजे तुला? मी आहे ना. घरात बस, आईजवळ थांब. रोज एवढा रिक्षाचा प्रवास, एक दिवस कुठे पडशील, लागेल."

खोक्यातले दोन जाड कागद घेतले, वॉरंटीचे वगैरे, त्यांच्या बारीक नळ्या केल्या आणि त्याच्या हातात दिल्या. "डोळ्यांना लाव. दोन्ही. आणि बाण कुठे आहे सांग."

आई हसायला लागली. दादाने नळ्या लावल्या आणि मान फिरवायला लागला, डावीकडे, उजवीकडे, वर. "कुठेय? हां... नाही. हे घड्याळ आहे."

"आता वर कोपऱ्यात काही लाल आलं तर दिसेल?"

"मान तिकडे नेली तर दिसेल."

"पण तिकडे काही आलंय हे कळल्याशिवाय तू मान नेशील कशाला?"

दादा इंजिनिअर नाही, पण हुशार आहे. लगेच म्हणाला, "मग मागे सरक ना. लांबून सगळं मावेल नळीत." आणि खुर्ची मागे ओढली. "बघ, मावलं सगळं!"

"छान. आता तिथून टाईप कर."

त्याने एक हात पुढे केला. कळांपर्यंत पोचला नाही. पुढे वाकला तर परत सगळं पसरलं. मग मी माझा छोटा लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला, तक्ता पूर्ण उघडून. त्याने नळ्या लावूनच पहिली ओळ वाचली, मग दुसरी. तिसऱ्या ओळीला नळ्या खाली ठेवल्या.

मला वाटलं, आता तो म्हणेल, कळलं. तसं काही झालं नाही. तो म्हणाला, "मी काय वाईटासाठी आणला का?"

"वाईटासाठी नाही. न विचारता आणलास."

तो चहा न घेता निघून गेला. आई माझ्यावर चिडली. "एवढ्या प्रेमाने आणलं, ठेवून घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं?" बिघडलं असतं. तो दिवाणावर पडून राहिला असता आणि येणारा जाणारा म्हणाला असता, भावाने एवढा मोठा दिलाय तरी ही त्या खेळण्यावरच बसते. प्रेमाने दिलेल्या चुकीच्या गोष्टी मी आयुष्यभर ठेवून घेतल्या. जाड भिंगाचे चष्मे, मोठ्या अक्षरांची पुस्तकं, डायलवर भले मोठे आकडे असलेला फोन. आता बास.

आठवड्याने वहिनीचा फोन आला की तो लॅपटॉप मुलीच्या कॉलेजला लागतोय, घेऊन जाते. तीच येऊन घेऊन गेली.

त्याआधी, ठरल्याप्रमाणे सोमवारी मी माझ्या टेबलावर बसले. मॉनिटर काढून भिंतीशी ठेवला होता. दहाच्या सुमारास साहेब मागे येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "मॅडम, लोगो दिसत नाहीये."

"काढला."

"कंपनीचा लोगो काढला?"

"साहेब, लोगो मला पाठ आहे. बॅच नंबर पाठ नसतात."

"असं चालतं का, हेड ऑफिसला विचारावं लागेल."

"विचारा. तोपर्यंत राहू दे."

विचारलं की नाही, मला माहीत नाही. ते माझ्या मागे पुन्हा कधी उभे राहिले नाहीत आणि तुमचं बरोबर होतं असंही कधी म्हणाले नाहीत. मॉनिटर अकाउंट्समधल्या एकीने मागून घेतला. ती त्यावर खूश आहे. फायलिंगचा विषय परत निघाला नाही.

सगळं सुरळीत झालं, असं मात्र नाही. पूर्ण स्क्रीनवर घड्याळ दिसत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. थंडीचे दिवस, लवकर मावळतं. एका संध्याकाळी मी कामात अशी बुडाले, की मान वर केली तेव्हा खिडकी काळी झाली होती. माझी ठरलेली शेअर रिक्षा गेलेली. गेटपासून हायवेपर्यंतचा तो रस्ता मला अंधारात जमत नाही. जमत नाही म्हणजे नाहीच. मी गेटवरच्या बाकावर बसले आणि दादाला फोन केला. त्या रविवारनंतर आम्ही बोललो नव्हतो.

तो बाइक घेऊन आला. नोकरी सोड म्हणाला नाही. पडशील म्हणाला नाही. हेल्मेट हातात दिलं, माझा हात धरून पाय बाइकच्या फूटरेस्टवर ठेवून दिला आणि बदलापूरला घरापर्यंत आणलं. दाराशी सोडताना म्हणाला, "टेबलावर गजराचं घड्याळ ठेव." तेवढंच. मी दुसऱ्या दिवशी घेतलं. रोज उजेड असताना ते वाजतं आणि सगळं ऑफिस दचकतं.

आता परवाची गोष्ट. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि निळी पट्टी परत आली. आता जास्त जाड, वर सणाच्या शुभेच्छांचं हलणारं तोरण. मी ती पुन्हा काढली. मग हेड ऑफिसने सगळ्या प्लांटच्या डिस्पॅचवाल्यांची ऑनलाइन मीटिंग ठेवली, नवं काय काय ते दाखवायला. प्रशिक्षकांनी एकेकाला स्क्रीन दाखवायला सांगितली. माझी पाळी आली.

"मॅडम, तुमचं पेज नीट लोड झालेलं नाही. रिफ्रेश करा."

"नीट लोड झालंय."

"पण हेडर कुठे आहे तुमचं?"

"लपवलंय. मला कमी दिसतं आणि त्याची जागा मला कामाला लागते."

मग तोच मऊ आवाज. "ओह. सॉरी, मॅडम. तुम्हाला आपण मोठी स्क्रीन..."

"नको," मी म्हटलं.

"पण मॅडम, सगळ्यांची स्क्रीन सारखी असावी असा नियम आहे."

"मग पट्टी काढल्यापासून माझ्या टेबलावरून गेलेल्या गाड्या तपासा. एखादी चुकीची गेली असेल तर पट्टी लावते."

ते काही बोलणार, एवढ्यात दुसऱ्या कुठल्यातरी प्लांटमधली एक बाई मध्येच बोलली. तिचा कॅमेरा बंद होता, मागे पंख्याची घरघर येत होती. "मॅडम, ती पट्टी कशी काढली? आमच्याकडे पण छोटेच लॅपटॉप आहेत, ओळी दिसतच नाहीत." आणखी कोणीतरी म्हणालं, "हो, आम्हाला पण सांगा."

प्रशिक्षक म्हणाले, "हा विषय आपण नंतर घेऊ या."

"आत्ताच घेऊ," मी म्हटलं, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.